इंटरडेंटल ब्रश आणि डीप क्लीनिंग, दोन्ही वापरून बघितल्यावर

हिरड्यांसाठी बाजारात जे जे मिळतं त्यातलं बरंचसं मी आणि आई दोघींनी वापरून बघितलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू एका प्रॉडक्टचा नाही, एका जोडीचा आहे. डेंटिस्टकडे करतात ती डीप क्लीनिंग (फाइलवर स्केलिंग अँड रूट प्लॅनिंग असं लिहितात) आणि त्यानंतर घरी रोज वापरायचा तो तारेचा बारकासा इंटरडेंटल ब्रश. डीप क्लीनिंगला ५ पैकी ४, ब्रशला ५ पैकी ५. माउथवॉशला २, तेही थोडे दिवस वापरलं तरच. आणि पाकिटावर "इम्युनिटी वाढवा, हिरड्या मजबूत करा" छापलेल्या पेस्टना मी काहीच देत नाहीये, का ते पुढे सविस्तर लिहिलंय कारण मला मुळात तेच सांगायचंय. ब्रशच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालतो, साइज मात्र बरोबर पाहिजे.

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे आपलीच इम्युन सिस्टीम सांध्यांवर उलटते तो आजार. सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासताना तिला विचारलं, "दात घासताना रक्त येतं का हो तुम्हाला?" सांध्यांच्या डॉक्टरने दाताचं विचारावं याचं आम्हाला आश्चर्य वाटलं, मग त्यांनी पेरिओडोंटिस्टकडे, म्हणजे हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं, आणि तिथून पुढे मी या विषयातलं जे मिळेल ते वाचत सुटले.

आधी क्लीनिंगबद्दल. खऱ्या डीप क्लीनिंगची सुरुवात मशीनने होत नाही, मोजण्यापासून होते. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट बारीक सळई असते, प्रोब म्हणतात तिला, ती डॉक्टर दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच सरकवतात, एकेका दाताला ६ जागी, आणि आकडे बोलत जातात, शेजारी असिस्टंट लिहून घेते. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, सहा, ब्लीडिंग." १ ते ३ मिमी म्हणजे ठीक, ४ च्या पुढे गेलं आणि रक्त आलं की तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल फट, झालाय असं धरतात. आईच्या मागच्या दाढांना ६ निघाले आणि तिला तिथे कधीच काही दुखलं नव्हतं! हा आजार दुखत नाही हीच त्याची मोठी अडचण आहे. याआधी एका क्लिनिकमध्ये तिचं दोनदा क्लीनिंग झालं होतं, पण तिथे प्रोब हातातसुद्धा घेतला नव्हता, वरवरचा टार्टर (दातावर साचून कडक झालेला थर) काढून पॉलिशिंग करून दिलं, दात चकचकीत झाले आणि पॉकेट तसेच राहिले. म्हणून सांगते, कुठेही जा पण प्रोबिंग करतात का ते आधी विचारा, आणि एक्स-रेवर हाड कुठपर्यंत उतरलंय तेही दाखवायला सांगा.

प्रत्यक्ष ट्रीटमेंट हिरडी बधीर करून होते. आधी अल्ट्रासाउंडवर चालणारं टोक, त्याचा पाण्याचा फवारा आणि ती बारीक शिटीसारखी सूं सूं, मग हातातली अवजारं. हिरडीच्या खाली मुळावर चिकटलेला टार्टर वरच्यासारखा पिवळट नसतो, काळपट आणि दगडासारखा टणक असतो, तो खरवडताना आवाज आपल्या डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. दुखत नाही, पण जबडा अवघडतो. आईचं एका वेळी एक बाजू असं केलं, ते बरं पडलं.

एक स्टार कापलाय तो यासाठी की नंतर काय होणार ते आधी नीट सांगत नाहीत. सूज उतरते, हिरडी आकसते, आणि दात लांब दिसायला लागतात, मध्ये काळ्या फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं. आईला वाटलं क्लीनिंगनेच दात खिळखिळे केले. तसं नसतं, हाड आधीच गेलेलं असतं, सुजलेल्या हिरडीने ते झाकून ठेवलेलं असतं. एवढी दोन वाक्यं खुर्चीवर बसवायच्या आधी सांगितली असती तर तिची दोन-तीन रात्रींची काळजी वाचली असती. झिणझिण्या पुढे हळूहळू कमी झाल्या.

आता मूळ मुद्दा. हिरड्यांतून रक्त येतं म्हणजे हिरड्या "कमजोर" झाल्या, त्यांना ताकद द्यायला पाहिजे, असं सगळे समजतात आणि जाहिराती त्यावरच चालतात. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही, आणि परत घासायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवात प्लाकपासूनच, दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरापासूनच, होते आणि या टप्प्यावर सगळं मागे फिरू शकतं, यात शंका नाही. पण त्यापुढे काही लोकांत जो पेरिओडोंटायटिस होतो, हाड झिजतं, दात हलतात, ते हाड जंतू थेट खात नाहीत. ते आपल्याच पेशी खातात. प्लाकवर चिडलेली इम्युन सिस्टीम सिग्नल सोडत राहते, त्यातला RANKL नावाचा एक सिग्नल हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना कामाला लावतो, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कोलॅजन (हिरडीला घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन) तोडणारी एन्झाइम्स सोडतात. इन्फेक्शन निघत नाही आणि मारामारी थांबत नाही, मध्ये हिरडी आणि हाड भरडलं जातं.

याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा एका दुर्मिळ आजारातून आलाय. LAD-१ नावाचा जन्मजात दोष असतो, त्यात न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर पडून हिरडीपर्यंत पोचूच शकत नाहीत. या मुलांच्या हिरड्या आणि हाड फार लहान वयात जातात, आणि बरीच वर्षं असंच धरून चाललेलं की बचाव करणारं कोणी नाही म्हणून जंतू मोकाट सुटतात. पण संशोधकांनी त्यांच्या हिरड्यांचे नमुने तपासले तर तिथे IL-१७ हा जळजळ पेटवणारा सिग्नल भरमसाठ वाढलेला दिसला. मग २०१७ मध्ये अशाच एका पेशंटला या सिग्नलची साखळी अडवणारं, मुळात सोरायसिससाठी वापरतात ते औषध दिलं, आणि त्याच्या तोंडातली जळजळ खूप कमी झाली. म्हणजे इम्युनिटी अडवल्यावर हिरड्या सुधारल्या. वाढवल्यावर नाही!

आणि हे काही फक्त दुर्मिळ आजारापुरतं नाही. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक बऱ्याच जणांना माहीत असेल, त्याचा २० मिलिग्रॅमचा अगदी छोटा डोस अमेरिकेत १९९८ मध्ये पेरिओडोंटायटिससाठी मंजूर झाला. इतक्या डोसने जंतू मरतच नाहीत. तो दिला जातो तो आपलीच कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स शांत करण्यासाठी, क्लीनिंगच्या जोडीला. (डॉक्टरांना न विचारता घ्यायचं औषध नाही हे, अजिबात नाही.) हे सगळं वाचल्यावर पाकिटावरचं "इम्युनिटी बूस्ट" वाचलं की खरंच राग येतो, कारण सुजलेल्या हिरडीत इम्युनिटी कमी पडलेली नसते, ती चिडलेली असते, तिला शांत करायचं तर ती ज्याच्यावर चिडलीये ते तिथून रोज काढून टाकणं हाच उपाय, आणि पेस्टमधला कुठलाही अर्क ते काम करू शकत नाही.

मग चिडलेल्या इम्युनिटीला आवरतं कोण? इथे येतो सेल्फ-टॉलरन्स, म्हणजे आपल्या इम्युन सिस्टीमने आपल्याच शरीराला हात न लावणं. याच विषयाला २०२५ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं, मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना. आधी असं मानत होते की शरीरावर उलटू शकणाऱ्या टी-पेशी (इम्युन सिस्टीममधल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) छातीतल्या थायमस ग्रंथीतच वेचून मारल्या जातात आणि विषय संपतो. पण ती चाळणी शंभर टक्के नसते, काही निसटतातच. साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की रक्तात टी-पेशींचा एक वेगळा गट फिरत असतो ज्याचं कामच बाकीच्यांना आवरायचं आहे, घरात भांडण पेटलं की मध्ये पडणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखं. त्यांना रेग्युलेटरी टी-पेशी म्हणतात. ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी स्कर्फी नावाच्या उंदरांचा अभ्यास केला, ज्यांच्या नर पिल्लांची कातडी खवल्यांसारखी सोलवटते आणि जी काही आठवडेच जगतात. २००१ मध्ये त्यांनी त्यामागचं जीन शोधलं, FOXP३, आणि माणसाच्या मुलांमधल्या IPEX या गंभीर ऑटोइम्युन आजारातही तेच जीन बिघडलेलं असतं हे दाखवलं. दोन वर्षांत दोन्ही धागे जुळले, हेच जीन त्या आवरणाऱ्या पेशी घडवतं.

हिरडी ही अशा पेशींची फार गरज असलेली जागा आहे. शरीरात दात ही एकच कडक वस्तू अशी आहे जी कातडी भेदून बाहेर आलेली असते, भोवती कायम जंतू, वर रोजचं चावणं, त्यामुळे तिथली इम्युन सिस्टीम जरा जागीच असते, निरोगी माणसातसुद्धा. जळजळ करणाऱ्या आणि आवरणाऱ्या पेशी तिथे शेजारी शेजारी असतात आणि सगळा खेळ त्यांच्या तोलाचा आहे. पेरिओडोंटायटिसमध्ये तो तोल सुटतो.

आणि आईच्या डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला ते इथे कळतं. आर्थ्रायटिसच्या रिपोर्टमध्ये अँटी-सीसीपी लिहिलेलं असतं बघा, त्या अँटिबॉडी सिट्रुलिनवर उलटलेल्या असतात. प्रोटीनमधलं आर्जिनिन बदलून सिट्रुलिन झालं की प्रोटीनचा चेहरा थोडा बदलतो आणि काही लोकांची इम्युन सिस्टीम त्याला परकं समजायला लागते. या अँटिबॉडी सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडू शकतात, म्हणजे सुरुवात सांध्यात नाही, दुसरीकडे कुठेतरी होत असणार. संशयाच्या जागा म्हणजे फुप्फुसं आणि तोंड. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या आजारातला कुप्रसिद्ध जंतू, त्याच्याकडे आर्जिनिनचं सिट्रुलिन करणारं स्वतःचं एन्झाइमच आहे. दुसरा एक जंतू, ॲग्रिगेटिबॅक्टर, त्याचं विष न्यूट्रोफिलना भोकं पाडतं आणि त्यांच्या आतली प्रोटीन्स भराभर सिट्रुलिनवाली होतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. मग २०२३ मध्ये एक अभ्यास आला ज्यात आर्थ्रायटिसचे पेशंट घरीच दर आठवड्याला बोटातून रक्ताचे थेंब काढून देत होते. ज्यांच्या हिरड्या खराब होत्या त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू पुन्हा पुन्हा उतरत होते, त्यांच्यावर सिट्रुलिनचा बदल झालेला होता, आणि पेशंटच्या अँटिबॉडी त्याच जंतूंना जाऊन चिकटत होत्या. मोठ्या प्रमाणात पेरिओडोंटायटिस असेल तर तोंडातली सुजलेली, आतून सोलवटलेली जागा एकत्र मोजली तर साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते असा एक हिशोब आहे. एवढी जखम हातावर असती तर कोणी तशी उघडी सोडली असती का?

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते कारण यावर लोक वाट्टेल ते विकतात. हिरड्या नीट केल्या की आर्थ्रायटिस बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. छोट्या अभ्यासांत सांध्यांची सूज थोडी कमी झालेली दिसली, दुसऱ्या अभ्यासांत फरक पडला नाही. वारसा, स्मोकिंग या गोष्टीही त्यात आहेत. आईची सांध्यांची औषधं जशीच्या तशी चालू आहेत आणि कोणीही ती बंद करू नयेत. डायबिटीसचं मात्र जास्त पक्कं आहे, हिरड्यांच्या ट्रीटमेंटनंतर ३-४ महिन्यांत HbA१c (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा टक्क्यांतला आकडा) सरासरी ०.४३ पॉइंटनी उतरतं असं २०२२ च्या कॉक्रन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, आलंय. अल्झायमरसाठी त्याच जिंजिव्हॅलिसच्या एन्झाइमवर काढलेलं औषध मात्र २०२१ मध्ये मोठ्या ट्रायलमध्ये मुख्य कसोटीवर फेल गेलं. ऐकायला छान वाटणारा प्रत्येक संबंध औषधात उतरतोच असं नाही.

आता ब्रश. नेहमीच्या टूथब्रशचे केस दाताच्या पुढून-मागून फिरतात, दोन दातांच्या मधल्या बाजू तशाच राहतात, आणि आजार बहुतेक तिथूनच सुरू होतो. इंटरडेंटल ब्रश म्हणजे पिळलेल्या बारीक तारेवर चहूबाजूंनी केस, तो फटीत आडवा सरकवायचा, आत-बाहेर दोन-चारदा करायचा, संपलं. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीच्या २०२० च्या गाइडलाइनमध्येही, जिथे फट पुरेशी आहे तिथे फ्लॉसच्या (दातांमधून फिरवायच्या दोऱ्याच्या) आधी हाच सांगितलाय, आणि वापरून बघितल्यावर ते लगेच पटतं कारण मुळाचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला खोलगट भाग असतात, दोरा त्यावरून ताणून जातो आणि केस मात्र आत पोचतात.

साइज हा यातला सगळा जीव आहे. एक पाकीट आणून सगळीकडे तोच वापरणं चालत नाही. आईला पुढच्या दातांना बारीक आणि मागे जाड असे वेगवेगळे लागतात. नियम असा की ब्रश आत जाताना केस दोन्ही बाजूंना घासले पाहिजेत पण तार दाताला घासता कामा नये, आणि जोर लावायला लागला तर तो साइज मोठा झाला. ढिला गेला तर तो काही साफ करत नाही. रंगावरून साइज ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, डेंटिस्टकडून एकदा मोजून घ्या. मागच्या दाढांसाठी तारेला टोकाजवळ हलकासा बाक द्यायचा किंवा वाकड्या मानेचा घ्यायचा, नाहीतर गालात टोचतो. पेस्ट लावायची गरज नाही.

सुरुवातीला रक्त येतं आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात. आईनेही "लागतंय गं मला, नको हे" म्हणून एकदा ठेवून दिला होता. ब्रश बाहेर काढला की पांढऱ्या केसांवर गुलाबी-लाल दिसतं, ती भीती साहजिक आहे, पण जिथे रक्त येतं तीच जागा साफ व्हायची राहिलेली असते. हलक्या हाताने रोज केलं तर बऱ्याच जणांचं आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं, तिचंही झालं, फक्त मागच्या दोन जागा हटत नव्हत्या आणि तिथे परत खालून साफ करावं लागलं. स्मोकिंग करणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आतला आजार झाकला जातो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

तोटे आहेत. तार वाकते, तुटते. दात अगदी चिकटून असतील, फटच नसेल, तर हा ब्रश जातच नाही, तिथे फ्लॉस, जबरदस्ती केली तर मधली टोकदार हिरडी दुखावते. इम्प्लांट असेल तर प्लॅस्टिकचं कोटिंग असलेली तार घ्या. हाताची बोटं आखडलेल्या माणसाला, आणि आर्थ्रायटिसमध्ये ते असतंच, ती इवलीशी मूठ पकडणं अवघड जातं, आईला लांब जाड हँडलचा घेऊन दिल्यावरच जमायला लागलं. बाकी पाण्याच्या धारेचं मशीन आम्ही ठेवलंय, अडकलेलं निघतं, सूजही थोडी कमी वाटते, पण प्लाक चिकट असतो, तो घासल्याशिवाय पूर्ण सुटत नाही, म्हणून ते जोडीला ठीक. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश क्लीनिंगनंतर थोडे दिवस दिलं होतं तेवढंच, जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग आणि जिभेची चव बिघडते, आणि खोल पॉकेटमध्ये ते पोचत नाही.

क्लीनिंगनंतर परत मोजायला बोलावतात, साधारण ६ ते १२ आठवड्यांनी, आणि बरेच जण तिथे जातच नाहीत. जा. आईच्या ६ च्या जागा बहुतेक ४ वर आल्या, एक ५ वर अडलीये आणि तिच्यावर लक्ष आहे, रक्त येणाऱ्या जागा खूप कमी झाल्या. एकूण जागांपैकी १० टक्क्यांच्या खाली ब्लीडिंग आलं की हिरड्या शांत झाल्या असं मानतात. आता दर ३ महिन्यांनी तपासणी ठरलीये. प्रोबिंगच्या चार्टची कॉपी मागून घ्या, मागितली की देतात, आणि पुढच्या वेळी तीच घेऊन जा म्हणजे कुठला दात मागे फिरला आणि कुठला पुढे सरकला ते डॉक्टरांबरोबर बसून बघता येतं.